दूध-संस्थेच्या हिशेबाचा गोषवारा संगणकावर : चाचणीची मांडणी व ताळा

सहकारी दूध-संस्थेचें दप्तर ज्यांनीं जवळून पाहिलें आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, तेथें नोंदींची वाण नसते. वाण असते ती त्या नोंदींतून वेळेवर अर्थ काढण्याची. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचें दूध मापलें जातें, फॅट व एस.एन.एफ. पाहिली जाते, दर लागतो, पशुखाद्याची उधारी व कर्जाचा हप्ता वजा होतो, आणि दर दहा दिवसांनीं बिल निघतें. दोनशें सभासदांच्या संस्थेंत एका महिन्यांत अशा सुमारें बारा हजार नोंदी होतात. परंतु गेल्या उन्हाळ्यांत कोणत्या केंद्राचें दूध घटलें, कोणत्या सभासदाची फॅट एकाएकीं उतरली, उधारी कोठें तुंबली, असें कार्यकारी मंडळानें विचारलें तर चिटणीसांस चार-चार दिवस वह्या चाळाव्या लागतात. आणि तोंपर्यंत विचारण्याचा प्रसंग निघून गेलेला असतो.

ही अडचण दूर करण्यासाठीं मोठ्या उद्योगधंद्यांत जें साधन वापरतात त्यास ‘बिझनेस इंटेलिजन्स’ सॉफ्टवेअर असें म्हणतात. नांव भारदस्त असलें तरी काम साधें आहे. हें सॉफ्टवेअर स्वतः हिशेब लिहीत नाहीं. जो हिशेब संगणकाच्या डेटाबेसांत आधींच लिहिलेला आहे तो वाचतें, त्याच्या बेरजा करतें, आणि त्या बेरजा कोष्टकांच्या व आलेखांच्या रूपानें एका पडद्यावर मांडतें. त्या पडद्यास ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. आपल्या जुन्या भाषेंत बोलावयाचें तर तें रोजकीर्द नव्हे, खतावणीही नव्हे. तो गोषवारा होय.

केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली; आणि दूध-संकलन केंद्रांतही वजनकाटा व फॅट-यंत्र संगणकास जोडण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं पडली आहे. वह्या संगणकांत गेल्या म्हणजे गोषवाराही संगणकानेंच काढावा असें साहजिकच वाटूं लागतें. त्या वाटेनें जाऊं पाहणाऱ्या संस्थांसाठीं हा लेख आहे. यांत आम्ही सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कामास लावण्याची नव्हे, तर त्यापूर्वीं तें चाचणीच्या जागीं कसें बसवावें, कसें जुळवावें आणि त्याची परीक्षा कशी घ्यावी याचीच माहिती देणार आहों. कारण चांगले रंगीत आलेख पाहून फसलेल्या मंडळापेक्षां जुन्या वह्या चाळणारा चिटणीस शतपट बरा.

कोणतें सॉफ्टवेअर?

उदाहरणादाखल आम्ही ‘अपॅची सुपरसेट’ हें सॉफ्टवेअर घेतों. २०१५ सालीं अमेरिकेंतील एअरबीएनबी या कंपनींत मॅक्झिम बोशमँ यांनीं त्याचा आरंभ केला; २०१७ सालीं तें अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखालीं आलें, आणि जानेवारी २०२१ मध्यें त्या संस्थेनें त्यास पूर्ण दर्जाचा प्रकल्प म्हणून मान्यता दिली. त्याची मूळ आज्ञावली खुली असून परवान्याबद्दल कांहीं द्यावें लागत नाहीं. तथापि ‘फुकट’ या शब्दानें कोणी भुलूं नये. संगणक, वीज, आणि तें सांभाळणाऱ्या जाणत्या माणसाचा वेळ यांचा खर्च संस्थेस करावाच लागतो. मोल देऊन घ्यावयाचीं अशा प्रकारचीं इतर सॉफ्टवेअरेंही बाजारांत आहेत. त्यांच्या कळा निराळ्या, पण परीक्षेचे नियम तेच.

चाचणीची जागा निराळी कां?

नवें बियाणें कोणी शहाणा शेतकरी पहिल्याच वर्षीं सबंध शेतांत पेरीत नाहीं. आधीं एका वाफ्यांत लावून पाहतो. संगणकाच्या बाबतींत ही दूरदृष्टि अधिकच लागते. जो डेटाबेस सकाळीं दूध मोजण्याच्या कामांत गुंतलेला आहे त्यालाच नवें सॉफ्टवेअर जोडून मोठमोठे प्रश्न विचारूं लागलें, तर ऐन संकलनाच्या वेळीं काटा अडकून बसेल आणि दारांत दुधाच्या किटल्यांची रांग लागेल. शिवाय जोडणींत लिहिण्याचा अधिकार चुकून दिला गेला, तर एका आज्ञेनें मूळ नोंदींतच फेरफार होऊं शकतो. म्हणून चाचणीचा संगणक वेगळा असावा, आणि त्यांत मूळ डेटाबेसाची प्रत असावी. मूळ डेटाबेस नव्हे.

ही प्रत घेतांना एक गोष्ट कटाक्षानें करावी. सभासदांचीं नांवें, आधार क्रमांक, बँक-खात्यांचे क्रमांक व दूरध्वनि हीं चाचणीच्या प्रतींतून काढून टाकावीं व नांवाच्या ठिकाणीं केवळ सभासद-क्रमांक ठेवावा. कोणाचें कर्ज किती थकलें आहे हें गांवांत चर्चेचा विषय व्हावें अशासाठीं सभासदानें तें संस्थेस सांगितलेलें नसतें. २०२३ सालीं आपल्या देशांत वैयक्तिक डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा झालाच आहे. परंतु कायदा नसता तरी ही सचोटी संस्थेनें पाळलीच पाहिजे. चाचणीच्या यंत्राकडे जाणारे-येणारे पुष्कळ असतात. तेथें जपावें लागेल असें कांहीं ठेवूंच नये हा उत्तम मार्ग.

बसवणी

लहान संस्थेच्या चाचणीस फार मोठें यंत्र लागत नाहीं. ८ जी.बी. स्मृतीचा, पुरेशी मोकळी जागा असलेला साधा संगणक चालेल. मात्र त्यावर लिनक्स ही प्रणाली असावी, कारण विंडोजवर सुपरसेट चालविण्यास त्याच्या कर्त्यांचा अधिकृत पाठिंबा नाहीं. पुढचें काम सोपें व्हावें म्हणून ‘डॉकर’ नांवाचें सॉफ्टवेअर आधीं घालावें. डॉकर म्हणजे एकेक सॉफ्टवेअर त्याच्या सर्व सामग्रीसह बंद पेटींत घालून चालविण्याची सोय होय. या पेटीस कंटेनर म्हणतात. प्रयोग फसला तर ती पेटी टाकून नवी आणतां येते; यजमान संगणकास धक्का लागत नाहीं.

सुपरसेटच्या कर्त्यांनीं अशा पेट्यांची तयार जुळणी करून ठेवली आहे. तींत मुख्य सॉफ्टवेअर एका पेटींत असतें. त्याची स्वतःची टिपणवही, म्हणजे कोणता आलेख कोणी काढला, कोणास काय पाहण्याची मुभा आहे इत्यादि माहिती, ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसाच्या पेटींत राहते. आणि वारंवार विचारलेलीं उत्तरें हाताशीं ठेवण्यासाठीं ‘रेडिस’ नांवाची तिसरी पेटी असते. ही तयार जुळणी प्रत्यक्ष कामासाठीं वापरूं नये असें कर्त्यांनीं स्वतःच सांगून ठेवलें आहे. चाचणीस मात्र ती उत्तम. जुळणी उतरवून घेतांना सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक निश्चित करून वहींत लिहावा. ‘सर्वांत नवी असेल ती’ असें मोघम सांगितल्यास आज तपासलेली आवृत्ति एक व उद्यां चालणारी दुसरी, असा घोटाळा होतो.

पेट्या सुरू झाल्यावर तीन कामें या क्रमानें होतात : टिपणवहीचीं कोष्टकें तयार होतात, मुख्य व्यवस्थापकाचें खातें उघडतें, आणि ठराविक अधिकारांच्या भूमिका नोंदल्या जातात. तयार जुळणींत हीं कामें आपोआप होतात. हातानें बसवणी केल्यास तीं एकामागून एक करावीं लागतात, व त्यांतील एक जरी राहिलें तरी प्रवेशाचा पडदा दिसूनही आंत शिरतां येत नाहीं. मग त्याच संगणकावरील ब्राउझरमध्यें ८०८८ या क्रमांकाच्या पोर्टवर सुपरसेट उघडतें. सोबत आलेले नमुन्याचे आलेख नीट उघडतात कीं नाहीं हें आधीं पाहावें. ते उघडले म्हणजे बसवणी ठीक आहे, आणि पुढें कांहीं अडलें तर दोष आपल्या जोडणींत शोधावा, हें निश्चित होतें.

किल्ल्या व कुलपें

तयार जुळणींत व्यवस्थापकाचें नांव व पासवर्ड हे दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असेच असतात. हें सर्व जगास ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच दिवशीं पासवर्ड बदलावा. याहून महत्त्वाची एक गुप्त किल्ली असते. आंत आलेला मनुष्य तोच आहे कीं नाहीं याची खूण सुपरसेट या किल्लीनें पटवितें, आणि डेटाबेसांचे पासवर्डही तिनेंच बंद करून ठेवतें. पूर्वीं सोबत आलेली नमुन्याची किल्ली तशीच ठेवून लोक काम चालवीत. एप्रिल २०२३ मध्यें सुरक्षा-संशोधकांनीं उघडकीस आणलें कीं, इंटरनेटवर त्यांस आढळलेल्या तीन हजारांहून अधिक सुपरसेट-स्थापनांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश ठिकाणीं अशी सर्वांस ठाऊक असलेली किल्लीच चालूं होती. म्हणजे कोणाही परक्यास व्यवस्थापक बनून आंत शिरतां आलें असतें. त्यानंतर २.१ या आवृत्तीपासून अशी नमुन्याची किल्ली असल्यास सॉफ्टवेअर सुरूच होऊं नये अशी तजवीज करण्यांत आली. तरीही जुळणीच्या धारिणींत दुसऱ्या कोणी लिहिलेली किल्ली नाहीं ना, हें चिटणीसांनीं स्वतः पाहावें, व नवी लांबलचक किल्ली घालून तिची एक प्रत लखोट्यांत बंद करून संस्थेच्या तिजोरींत ठेवावी. किल्ली हरवली तर टिपणवहीची प्रत जवळ असूनही तींतील पासवर्ड उघडत नाहींत. चाचणीची किल्ली व पुढें प्रत्यक्ष कामाची किल्ली या भिन्न असाव्यात हें सांगणें नकोच. चाचणीचा संगणक बाहेरच्या इंटरनेटवरून उघडतां येऊं नये, ही खबरदारी तर सर्वांआधीं.

हिशेबाशीं जोडणी

आतां सुपरसेटास आपल्या हिशेबाच्या प्रतीशीं जोडावयाचें. येथें नवशिक्यांस दोन अडचणी हमखास येतात. पहिली अशी कीं, प्रत्येक प्रकारच्या डेटाबेसाशीं बोलण्यास एक दुभाषी लागतो; त्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. आपल्या डेटाबेसाचा दुभाषी पेटींत नसेल तर तो घालून पेटी पुन्हां तयार करावी लागते. दुसरी अडचण पत्त्याची. डेटाबेस त्याच संगणकावर असला म्हणून पत्त्याच्या जागीं ‘लोकलहोस्ट’ लिहिलें तर जोडणी होत नाहीं. कारण बंद पेटींतून पाहिलें असतां लोकलहोस्ट म्हणजे ती पेटीच. तेथें यजमान संगणकाचा जाळ्यांतील पत्ता द्यावा. एवढें ठाऊक नसल्यानें पुष्कळांचे दोन-दोन दिवस फुकट जातात.

जोडणीसाठीं डेटाबेसांत एक स्वतंत्र खातें उघडून त्यास केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. सुपरसेटमध्येंही नोंदी बदलण्याची परवानगी मुळांत बंद असते. ती बंदच ठेवावी. दोन कुलपें असलीं म्हणजे एक विसरल्यानें दार उघडें राहत नाहीं. नंतर त्या खात्यानें मुद्दाम एक नोंद बदलण्याचा यत्न करून पाहावा. नकार मिळाला म्हणजे कुलूप लागलें आहे अशी खात्री झाली.

रकमांच्या मांडणीविषयीं एक लहानसें सुचवितों. हें सॉफ्टवेअर मूळचें परदेशचें असल्यानें तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतें. दहा लक्ष ही रक्कम त्यांत १,०००,००० अशी दिसते. जुळणीच्या धारिणींत अंकांचे गट बदलून ती १०,००,००० अशी दाखवितां येते. हें केवळ शोभेचें काम नव्हे. सवयीच्या रूपांत नसलेला आकडा घाईनें वाचला कीं लाखाचे दहा लाख होतात.

ताळा

येथपर्यंतचें काम कोणीही हुशार तरुण चार दिवसांत करील. खरें काम येथून पुढें आहे, आणि तें संगणक जाणणाऱ्याचें नसून हिशेब जाणणाऱ्याचें आहे. बहुतेक ठिकाणीं असें होतें कीं, महिन्याची एकूण बेरीज पडद्यावर काढतात, ती वहीशीं जुळली कीं पेढे वाटतात. आमचें सांगणें असें कीं, एकूण बेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला असें नव्हे. पुढील उदाहरणांवरून हें स्पष्ट होईल. उदाहरणांतील आकडे आम्हीं समजुतीसाठीं घेतले आहेत.

समजा, तीन सभासदांनीं दहा दिवसांत प्रत्येकीं १०० लिटर दूध घातलें. एकूण ३०० लिटर. पहिल्यास दोन कपाती आहेत, पशुखाद्य व कर्जाचा हप्ता. दुसऱ्यास एक, पशुखाद्य. तिसऱ्यास एकही नाहीं. आतां दूध व कपात एकाच कोष्टकांत पाहावी म्हणून दोन्ही वह्या सभासद-क्रमांकावर जोडल्या. संगणक प्रत्येक कपातीसमोर त्या सभासदाचें दूध पुन्हां लिहितो. त्यामुळें पहिल्याचे १०० लिटर दोनदां आले व २०० झाले. दुसऱ्याचे १०० राहिले. तिसऱ्यास कपात नसल्यानें त्याचें नांवच गळालें. बेरीज करावी तर २०० अधिक १०० बरोबर ३००! एकूण आकडा वहीशीं तंतोतंत जुळला, आणि तरी एका सभासदाचें दूध दुप्पट झालें व एकाचें नाहींसें झालें. यावर उपाय असा कीं, आधीं प्रत्येक सभासदाच्या कपातींची एकच बेरीज करून घ्यावी, मग ती दुधाच्या एका ओळीस जोडावी. आणि जोडतांना ज्यास कपात नाहीं त्याची ओळ टिकून राहील अशी आज्ञा द्यावी.

दुसरें उदाहरण वेळेचें. पुष्कळ डेटाबेस नोंदीची वेळ जागतिक प्रमाणवेळेंत ठेवतात. ती आपल्या वेळेच्या साडेपांच तास मागें असते. अकरा तारखेस पहाटें सव्वापांच वाजतां घातलेलें दूध त्या वेळेप्रमाणें दहा तारखेच्या रात्रीं पावणेबारा वाजतां पडतें. सुपरसेट आपण होऊन ही वेळ बदलून देत नाहीं. परिणाम असा कीं, साडेपांचापूर्वीं येणारें सर्व दूध आदल्या दिवसांत जातें; अकरा तारखेचें पहिल्या दहा दिवसांच्या बिलांत, आणि एक तारखेचें मागल्या महिन्यांत. वर्षाची बेरीज जवळजवळ जुळते, पण बिलें जुळत नाहींत. आणि तींही नेमकीं पहाटें उठून लवकर दूध आणणाऱ्या कष्टाळू सभासदांचीं. येथें कोष्टक तयार करतांनाच वेळ भारतीय वेळेंत बदलून घ्यावी. संस्थेच्या नोंदींत ‘तारीख व पाळी’ असा स्वतंत्र रकाना असेल तर त्याच्याच आधारें बेरजा कराव्या, हें अधिक चांगलें.

तिसरें उदाहरण सरासरीचें. एका केंद्रावर सकाळीं ९०० किलो दूध ३·५ टक्के फॅटचें आलें व संध्याकाळीं १०० किलो ४·५ टक्क्यांचें. सॉफ्टवेअरास नुसती सरासरी मागितली तर तें दोन नोंदींची सरासरी ४·० सांगेल. वास्तविक १,००० किलो दुधांत फॅट ३६ किलो, म्हणजे खरी सरासरी ३·६. आतां मंडळानें पडद्यावर ४·० पाहिलें आणि टँकरमधील दुधाची तपासणी ३·६ निघाली, तर मधल्या मध्यें कोणी पाणी घातलें अशी शंका येणार, व ती केंद्र चालविणाऱ्या निरपराध माणसावर जाणार. फॅटची सरासरी सदैव वजनानें गुणून, मग एकूण वजनानें भागून काढावी. हें सूत्र एकदां सुपरसेटमध्यें नांव देऊन नोंदून ठेवावें, म्हणजे प्रत्येकजण निराळी सरासरी काढणार नाहीं.

याच ओघांत मापाचाही विचार व्हावा. एक लिटर दूध सुमारें १·०३ किलो भरतें. एका केंद्राची नोंद लिटरांत व दुसऱ्याची किलोंत असेल, तर १,००० लिटरांमागें सुमारें ३० किलोंचा फरक पडतो. तो चोरीही नव्हे व गळतीही नव्हे. केवळ मापांतलें अंतर होय. कोष्टकांत माप एकच करून घ्यावें व रकान्याच्या नांवांतच तें लिहावें.

आणखी दोन लहान गोष्टी. प्रश्न विचारण्याच्या पडद्यावर सुपरसेट एका वेळीं मुळांत १,००० ओळीच देतें. महिन्याच्या बारा हजार नोंदी मागून, आलेल्या ओळींची बेरीज कोणी दुसऱ्या कागदावर केली, तर ती अपुरी पडेल. आणि जलद उत्तर देण्यासाठीं सॉफ्टवेअर मागचें उत्तर कांहीं काळ साठवून ठेवतें. म्हणून प्रतींतील एक नोंद मूळ खात्यानें बदलावी, पडद्यावरचा आकडा किती वेळानें बदलतो तें घड्याळ लावून पाहावें, आणि तो काळ डॅशबोर्डावरच स्पष्ट लिहावा. शिळा आकडा ताजा म्हणून वाचणें हा खोट्या आकड्याइतकाच धोका आहे.

तात्पर्य, ताळा तीन पायऱ्यांनीं घ्यावा. प्रथम एकूण बेरीज. मग केंद्रवार व पाळीवार बेरीज. आणि शेवटीं सभासदवार. सर्व सभासद तपासणें शक्य नसेल तर निदान वीस निवडावे, आणि ते सोयीचे नव्हे तर अडचणीचे निवडावे : ज्यांस कपाती पुष्कळ आहेत असे, ज्यांस एकही नाहीं असे, अगदीं पहाटें दूध घालणारे, मध्येंच केंद्र बदललेले, महिन्याच्या मध्यावर सभासद झालेले, ज्यांची गाय आटली म्हणून दूध बंद आहे असे. त्यांच्या घरच्या दूध-पुस्तिकेंतील आकडे पडद्याशीं ताडून पाहावे. मात्र चाचणीच्या प्रतींत नांवें नसल्यानें क्रमांकाची जुळणी चिटणीसांनीं स्वतः व आपल्या टेबलाशीं करावी.

कोणी काय पाहावें?

सुपरसेटमध्यें तीन भूमिका मुख्य आहेत. ‘अ‍ॅडमिन’ सर्व करूं शकतो. ‘अल्फा’ सर्व कोष्टकें पाहूं शकतो व नवे आलेख काढूं शकतो, पण इतरांचे अधिकार बदलूं शकत नाहीं. ‘गॅमा’ जेवढें दाखविलें असेल तेवढेंच पाहतो. लहान संस्थेंत अ‍ॅडमिन एक, त्याच्या गैरहजेरीसाठीं दुसरा, एवढे पुरेत. हिशेबनीस अल्फा, व मंडळाचे सदस्य आणि केंद्रचालक गॅमा. केंद्रचालकानें आपल्याच केंद्राच्या ओळी पाहाव्या अशी चाळणीही लावतां येते. परंतु चाळणी लावली हें पुरेसें नाहीं. प्रत्येक भूमिकेचें एकेक खातें उघडून, त्या खात्यानें आंत जाऊन, नको तें दिसत नाहीं ना याची खात्री करावी. अ‍ॅडमिनच्या पडद्यावर बसून इतरांस काय दिसतें याचा अंदाज करणें व्यर्थ आहे.

मंडळाचा निर्णय

निदान एक पूर्ण महिना, म्हणजे तीन बिलें आणि एक महिनाबदल, जुना गोषवारा व नवा गोषवारा जोडीनें काढावा. दर वेळीं जो फरक आढळेल त्याचें कारण वहींत लिहावें. ‘किरकोळ’ असा शेरा मारून सोडूं नये. एक रुपयाचा फरक कित्येकदां एका गळालेल्या सभासदाचा माग दाखवितो. याच महिन्यांत टिपणवहीची प्रत काढून ती दुसऱ्या रिकाम्या संगणकावर पुन्हां उभी करून पाहावी. ज्या प्रतीवरून कधीं काम उभें केलें नाहीं ती प्रत आहे असें धरूं नये. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति येईल तेव्हांही ती आधीं याच चाचणीच्या संगणकावर चढवावी आणि याच वीस सभासदांचा ताळा पुन्हां घ्यावा. म्हणून प्रत्यक्ष काम सुरू झालें तरी चाचणीचें यंत्र मोडूं नये.

हें सर्व झाल्यावर चिटणीसांनीं मंडळापुढें एका पानाचें निवेदन ठेवावें : कोणती आवृत्ति, कोणत्या तारखांचा ताळा, किती फरक निघाले, त्यांचीं कारणें कोणतीं, व कोणाकडे कोणते अधिकार. मंडळानें तें वाचून ठराव करावा, आणि मगच प्रत्यक्ष कामासाठीं स्वतंत्र यंत्रावर स्वतंत्र बसवणी करावी. ज्या गोषवाऱ्यावरून कोणाचें दूध नाकारावयाचें, कोणाची उधारी थांबवावयाची, किंवा कोणतें केंद्र बंद करावयाचें, असा निर्णय व्हावयाचा आहे, तो गोषवारा निर्णयाच्या दिवशीं त्या सभासदाच्या पुस्तिकेशीं एकदां ताडून पाहावा असा नियमही त्याच ठरावांत असावा.

शेवटीं एक गोष्ट. हें साधन मूळ नोंदीहून अधिक खरें कधींच होऊं शकत नाहीं. पेरावें तसें उगवतें. काट्यावर चुकीचें वजन नोंदलें गेलें असेल तर डॅशबोर्ड तीच चूक सुरेख रंगांत दाखवील. परंतु नोंदी सचोटीच्या असतील, आणि वर सांगितलेली परीक्षा धिमेपणानें घेतली असेल, तर जें उत्तर मिळण्यास पूर्वीं चार दिवस लागत तें मंडळाची सभा चालूं असतांनाच मिळेल. फॅट उतरलेल्या गाईची चौकशी त्याच आठवड्यांत होईल, तुंबलेल्या उधारीचा बोभाटा होण्यापूर्वीं सभासदाशीं बोलतां येईल. एवढ्या लाभासाठीं एक महिन्याची चाचणी फार नव्हे. ज्या संस्थांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं वर्षाखेरीच्या धांदलींत तो हातीं न घेतां हिशेबाचें काम हलकें असलेला महिना निवडावा, आणि आरंभ यंत्राच्या खरेदीनें नव्हे, तर ताळ्यासाठीं वीस सभासद निवडण्यानें करावा, अशी आमची शिफारस आहे.